पहिल्या पंगतीला कोणी बसेना

मी खोटं बोलत नाही. थोडं वाढवून सांगतो, इतकंच. आमच्या झाडीपट्टीत जंगलातून आलेला माणूस पारापर्यंत पोचतो तोवर त्याने पाहिलेला वाघ बैलाएवढा होतो, आणि चहा संपेस्तोवर त्या वाघाने त्याची खुशाली विचारलेली असते. त्या मानाने मी फारच सरळ माणूस. म्हणून या हकिकतीतला भात थोडा कमी करून घ्या, माणसं अर्धी करून घ्या. पण बाई आणि तिची मोटार मी सांगतो तशीच घ्या. तिथे मी बोटभरही ताणलेलं नाही.

सुरुवात माझ्या छातीपासून करावी लागेल.

नव्वदच्या दशकात मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो. बसलो होतो हेही वाढवूनच, कारण बाप बसू देत नव्हता. चंद्रपूरला जंगलखात्याची भरती निघाली तेव्हा गावातली सगळी पोरं गेली, त्यांत मीही गेलो. धावण्यात मी बरा निघालो; लहानपणापासून अस्वलांनी सराव करून घेतला होता. अडलं ते छातीवर. टेप लावणाऱ्याने टेप गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला आणि मला विचारलं, "श्वास घेतला का सोडला?"

"घेतला ना साहेब."

"मंग ठेवला कुठी?"

मागे उभी असलेली पोरं इतकी हसली की त्यांच्या छात्या फुगल्या आणि त्यातच दोघंतिघं पास होऊन गेली.

त्याच आठवड्यात मी चर्चमध्ये मागच्या बाकावर तोंड पाडून बसलो होतो. आमचं चर्च म्हणजे मुलचेऱ्याहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेली कवेलूंच्या छपराची एक लांबट खोली. वाचन चाललं होतं ते दाविद राजाच्या निवडीचं. म्हातारा संदेष्टा तेलाचं शिंग घेऊन एका बापाच्या घरी येतो. बाप एकेक उंचापुरा मुलगा समोर उभा करतो, आणि देव म्हणतो हा नाही, हाही नाही. सगळे संपतात. मग संदेष्टा विचारतो, अजून कोणी आहे का? तेव्हा बापाला आठवतं की हो, एक धाकटा आहे, मेंढरांमागे गेलाय. बापाने त्याला मोजणीला बोलावलंसुद्धा नव्हतं! आणि देव म्हणतो, हाच.

मी ताठ बसलो. म्हणजे जगात एक भरती अशी आहे जिथे छाती मोजत नाहीत.

तेव्हापासून मला खोडच लागली. बायबलात देवाने कोणाकोणाला उचललं ते मी हुडकू लागलो. मोशे, ज्याची जीभ अडखळायची. गिदोन, जो शत्रूच्या भीतीने द्राक्षं तुडवायच्या खड्ड्यात लपून गहू झोडपत होता, आणि देवदूत त्याला म्हणतो, हे शूर वीरा! (ही थट्टा नव्हती तर काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.) शौल, गाढवं हुडकायला निघाला आणि राजा होऊन बसला. मासे धरणारे. आणि देवाच्या पुत्राची आई झालेली ती पोरगी, अशा आडगावातली की नकाशावर शाई सांडली तरच ते गाव दिसावं. अगदी आमच्यासारखं.

पण का? मला हा का सुटेना. देवाला मोठी माणसं मिळत नव्हती का? दया म्हणून घेतो का? का मोठ्यांची जिरवायची म्हणून घेतो? मी जो भेटेल त्याला विचारत सुटलो. जुने पाळक म्हणाले, "देवाची मर्जी." बाप म्हणाला, "मोठे लोक रिकामे कुठी राह्यतात." आणि आमच्या बाजूच्या टोलीवरचा, म्हणजे वस्तीतला, बौद्ध मित्र म्हणाला, "आमच्यात निवडबिवड नाई गा. ज्याचा त्याले चालावं लागते." हे मला पटलं होतं, पण चालायला मी तयार नव्हतो. मला निवड पाहिजे होती.

अशात आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले. नगरकडचे, तरुण, शिकलेले. त्यांची भाषा इतकी शुद्ध की पहिल्या महिन्यात आमच्या म्हाताऱ्या प्रत्येक वाक्यानंतर आमेन म्हणत, त्यांनी पाण्याचा पेला मागितला तरी. या साहेबांनाही माझाच प्रश्न छळत होता, आणि त्यांनी कापणीच्या सणाला त्याच विषयावर उपदेश करायचं ठरवलं.

कापणीचा सण म्हणजे धान घरात आलं की देवाचे उपकार मानायचा रविवार. नव्या तांदळाचा भात, बकऱ्याचं मटण, वांग्याची भाजी, आणि बांबूच्या मांडवात पळसाच्या पत्रावळींवर पंगती. रीत ठरलेली: पहिल्या पंगतीला पाळक, पंच आणि मानाची माणसं, दुसरीला उरलेले पुरुष आणि पोरं, मग बाया, आणि सगळ्यांत शेवटी रांधणारे, वाढणारे, भांडी घासणारे. पहिल्या पंगतीत नळीचं हाड मिळे. शेवटच्या पंगतीत नळीच्या हाडाची बातमी मिळे. त्यामुळे पहिल्या पंगतीसाठी दरवर्षी जी ढकलाढकल होई तिला मी ढकलाढकल म्हणतो कारण मी सभ्य आहे.

माझं काम मीठ वाढायचं. वाढप्यांमध्ये मीठवाला सगळ्यांत खालचा. त्याची आठवण फक्त तो चुकला तरच होते.

आणि भात रांधायचा तो आमच्या बाईने. विधवा बाई, आमच्याच गल्लीतली, गाव तिला नुसतं बाईच म्हणे. चुलीच्या लांब चरावर चार मोठे गंज, म्हणजे पातेली, एकाच वेळी चढवून भाताचा दाणा दाण्याला चिकटू न देणारी. तिच्या हातातला पळा एवढा लांब होता की तिने चुलीजवळून उगारला तर चर्चच्या पायरीवरचं कुत्रं उठे. बोलायला कडक. पाळकसाहेब तिला थोडे भीत, आणि आम्ही पुष्कळ.

त्या दिवशी सकाळी कोळशाच्या ट्रकवरच्या एका ड्रायव्हरने रस्त्यावर गाडी थांबवून बाईला निरोप दिला. बाईची लेक घुग्घुसला दिलेली होती. जावई खाणीत, पाळीवर जाणारा. निरोप असा: दिवस भरले, पोट दुखून राह्यलं, मायला पाठवा.

गावाला हे बाळंतपण साधं नव्हतं. लेकीचं हे दुसरं. पहिल्या वेळी बाई एका लग्नात रांधत होती; निरोप आला तशी अन्न झाकून, पंगत बसायच्या आधीच निघून गेली होती. मूल राहिलं नाही. आता आमच्याकडे रांधणारीची एक रीत आहे. ख्रिस्ती होण्याआधीपासूनची असावी, कारण बायबलात मी शोधली, सापडली नाही. रांधलेल्या अन्नाची पहिली पंगत उठल्याशिवाय रांधणारीने गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर ज्या कामाला ती निघाली ते काम अर्ध्यावर अडतं. जुन्या पाळकांनी तेव्हा निघतानाच तिला समजावलं होतं की ही अंधश्रद्धा आहे, देव असा नाही. बाईने ऐकून घेतलं होतं आणि मान हलवली होती. पण मूल गेल्यानंतर तिच्या पोटात काय बसलं होतं ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

चंद्रपूरकडे जाणारी मोटार, म्हणजे एस.टी., दिवसाला एकच, साडेतीनची. हिशोब सोपा होता. उपासना बाराला सुटणार, एकला पहिली पंगत बसणार, दोनला उठणार. बाईने सकाळीच गाठोडं बांधून चुलीजवळ ठेवलं. मी म्हणालो, "बाई, आरामात भेटते मोटार." तिने गंजातला भात एकदा दाबून पाहिला, जसं काही तोच दुखत होता.

आता उपदेश. मांडवात जागा पुरत नव्हती म्हणून कर्णा मोहाच्या झाडाला बांधला होता आणि त्याचं तोंड नेमकं चुलीकडे होतं. मी बाईजवळ मिठाचे खडे फोडत बसलो होतो. साहेब सुरेख बोलत होते. देव जगातल्या दुर्बळांना निवडतो, हीनदीनांना निवडतो. जेवायला बोलावलं तर पहिल्या जागी बसू नका, शेवटच्या जागी बसा. जो खाली बसेल त्याला वर बोलावलं जाईल. मी खडे फोडायचं विसरलो. आणि मग साहेबांना दृष्टांत सुचला.

"दूर कशाला जायचं?" कर्णा म्हणाला. "आपल्या भात रांधणाऱ्या बाईच पाहा. जगाने तुच्छ मानलेली, कोणी विचारत नाही अशी एक साधी स्त्री..."

चुलीजवळ भात खदखदत होता. आणि बाई.

"काय म्हणे तो?" तिने मला विचारलं.

"तुमची तारीफ करून राह्यले, बाई."

"तुच्छ कोणाले म्हणे?"

"जग म्हणते, असं ते म्हणतात."

"कोणतं जग? माह्या समोर तर कोणी म्हणलं नाई." तिने पळा गंजाच्या काठावर आपटला, मोहावरची दोन पाखरं उडाली. "त्याले म्हणा, इथी ये आन हा गंज उतरवून दाखव. मंग पाहू तुच्छ कोण."

मला हसू आलं, पण डोक्यात एक खडा पडला तो पडलाच. मी इतकी वर्षं देव लहानांना का निवडतो ते विचारत होतो. त्या लहानांना विचारलं होतं का कोणी, की बाबा, तू लहान आहेस का म्हणून?

वेळ झाल्याने पुढची गोष्ट पुढच्या रविवारी, असं म्हणून साहेबांनी उपदेश थांबवला. तरी दीड वाजून गेला होता. गाणी झाली, अर्पणं झाली, आणि पंगतीची घंटा वाजली तेव्हा दोनला पाचच मिनिटं कमी होती.

पानं मांडलेली. पाणी शिंपडलेलं. प्रत्येक पानावर माझं मीठ. पहिल्या पानावर, साहेबांच्या जागी, एक अख्खं लिंबूही.

आणि पहिल्या पंगतीला कोणी बसेना.

आमच्या चर्चमध्ये तेंदूपानांचे एक ठेकेदार होते. एरवी आमेन व्हायच्या आधी त्यांचा डावा गुडघा पानापुढे टेकलेला असे. आज ते मांडवाच्या शेवटच्या खांबाला मिठी मारून उभे होते.

"या ना भाऊ," साहेब म्हणाले, "बसा."

"मी?" ठेकेदारांनी डोळे मिटले. "नाई साहेब. माह्यासारख्या पाप्याले पहिलं पान शोभत नाई. मी शेवटी."

शाळेचे गुरुजी, जे आमचे पंचही होते आणि पेटीही वाजवत, ते हळूच खांबाच्याही मागे गेले. "भाऊ, तुम्ही बसा. तुमच्याहून मी मोठा पापी."

"गुरुजी, माही पापं तुम्हाले माहीत नाईत."

"सगळ्या तालुक्याले माहीत आहेत, भाऊ. तरी बी मीच मोठा."

"असं कसं? मी दारू पेत होतो!"

"मी तुमच्यासंगच पेत होतो ना!"

हळूहळू एकेक पुरुष खांबामागे, मग मांडवामागे, मग चर्चमागे सरकू लागला. सगळ्यांना शेवटची जागा हवी होती. रांग पुढे सरकते हे तुम्ही पाहिलं असेल; मी मागे सरकणारी रांग पाहिली आहे. ती चर्चमागच्या तळ्यापर्यंत गेली. शेवटचा माणूस गुडघाभर पाण्यात उभा होता, आणि त्याच्या मागे अजून एक जण पोहून जायच्या विचारात होता.

बाया एकीकडे उभ्या राहून पाहत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आमी तर रोजच शेवटच्या. आता यायले आमची ते जागा बी पायजे का?" आणि त्या पदर तोंडाला लावून हसल्या. साहेब लाल झाले. त्यांनी स्वतः बसावं असं मला वाटत होतं, पण बिचारे कसे बसणार? तासाभरापूर्वीच तर सांगितलं होतं.

अडीच झाले. भातावरची वाफ पातळ झाली. बाई गाठोडं काखेत मारून मांडवात आली.

"काऊन बसत नाई गा? माही मोटार जाते."

"बसतो ना बाई," ठेकेदार लगेच म्हणाले. "गुरुजी बसले का मी त्यायच्या मागं बसलोच समजा."

"मी बसतो ना," गुरुजी म्हणाले, "भाऊ बसले का लगेच."

"बाई, तुम्ही चालत्या व्हा," साहेब म्हणाले. "भाताचं आम्ही पाहू. ती जुनी समजूत आहे, देव असल्या गोष्टींनी अडत नाही."

"मागच्या टाईमले बी मले असंच सांगितलं होतं," बाई म्हणाली. एवढंच. आवाज वर गेला नाही. पण मांडवात त्यानंतर कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

गुरुजींना राहवेना. "आपण असं करू, बाईच्या लेकीसाठी इथीच एक लहान प्रार्थना करू." आणि तळ्यापर्यंतच्या सगळ्या रांगेने माना खाली घातल्या. पाण्यातल्याने टोपीसुद्धा काढली. प्रार्थना गुरुजींची, म्हणजे लहान नव्हती. आदामापासून निघून ती घुग्घुसकडे येत होती.

बाईने प्रार्थना मध्येच सोडली. माझ्याजवळच्या पितळी गुंडातून पाणी घेतलं, हात धुतले, गाठोडं मांडीशी ठेवलं आणि ती पहिल्या पंगतीच्या पहिल्या पानावर, साहेबांच्या लिंबापुढे, जाऊन बसली. पळा शेजारी ठेवला.

"वाढा," ती म्हणाली.

एवढी लांब पंगत, पानांमागून पानं, आणि त्यात एकटी बाई. आमच्या गावात बाईमाणूस पहिल्या पंगतीला बसल्याचं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. मांडवाच्या बांबूंनाही नवल वाटलं असावं, कारण ते करकरले. वाढणार कोण? भात तीच वाढायची. शेवटी साहेब पुढे झाले, तिचा पळा उचलला, गंजात घातला, हात भाजला, हाय केलं आणि भात वाढला. मला काही सुचेना म्हणून मी पानावर मीठ असताना पुन्हा मीठ वाढलं.

"एवढं मीठ काऊन देतं बे? मी काय लोणचं आहे?"

तिने घास घेतला. पण एकट्या माणसाची पंगत होत नाही. तिच्या शेजारी बसायला अजूनही कोणी येईना. आता तर दुसरं पानही मानाचं झालं होतं ना, तिच्या शेजारचं!

तेवढ्यात मोहापलीकडून हॉर्न वाजला. त्या दिवशी मोटार चक्क वेळेवर होती. आमच्या रस्त्यावर हे वाघ दिसण्याहून दुर्मिळ.

बाई उठली. उष्ट्या हाताने साहेबांच्या हातातून पळा काढून घेतला, आणि तशीच रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, पळा आडवा धरून. मोटारीने धूळ उडवत ब्रेक मारला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"चढा ना बाई, मधात काऊन उभ्या राह्यल्या?"

"चढतो. आधी तू उतर."

"मी काय केलं वो?"

"काई नाई केलं. भात आहे, मटण आहे. समदे उतरा, जेवा, मंग चाला. तुम्ही जेवल्याबिगर मले येता येत नाई."

कंडक्टर दारात आला. "बाई, टाईम आहे गाडीले."

"तुह्या गाडीले कवा टाईम होता रे?"

मोटारीत मोठं हसू झालं, आणि त्या हसण्यावर वारा फिरला, आणि वाऱ्यावर मटणाचा वास आला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. तो आवाज बंद झालेला मला अजून आठवतो.

मग उतरले कोण कोण! मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतले म्हातारे, मासळीच्या टोपल्या घेऊन. बाजारातून परतणाऱ्या गोंड बाया, डोक्यावरची वजनं न उतरवता. कुठल्याशा शाळेतली एक अख्खी कबड्डीची टीम. टपावरून उतरलेल्यांमध्ये दोन कोंबडे होते, तेही मांडवाकडेच निघाले. दीडशे माणूस सहज असेल. मोटार ती पन्नासाची, पण हिशोब करणाऱ्याने आमच्याकडच्या मोटारीत कधी बसून पाहावं. एक बांगडीवाले चाचा पेटी काखेत घेऊन मांडवाच्या तोंडाशी थबकले.

"बकरा किसने काटा?"

"तुमच्याच भाच्याने, चाचा," मी म्हणालो.

"फिर ठीक है," म्हणून त्यांनी चपला काढल्या.

ते येऊन बसले. कोणी कोणाला आधी तुम्ही म्हणालं नाही. जागा दिसली की बसले. पहिली पंगत भरली, इतकी भरली की दोघांत एक पान झालं. आमचे मोठे लोक खांबाआडून पाहत राहिले. साहेब वाढत होते, भाजलेल्या हाताने, आणि स्वतःशीच काही पुटपुटत होते. मी मीठ घेऊन जवळ गेलो तेव्हा कानावर पडलं: "पुढच्याच ओळींत आहे हे. मी पुढचंच वाचलं नाही."

नंतर मी घरी जाऊन वाचलं. शेवटच्या जागी बसण्याची गोष्ट संपते आणि लगेच दुसरी सुरू होते. एकाने मोठं जेवण केलं, बोलावलेले एकेक सबब सांगून आलेच नाहीत, तेव्हा तो म्हणाला, रस्त्यांवर जा, कुंपणांपाशी जा, जो भेटेल त्याला आण, माझं घर भरलं पाहिजे. आमचे पंच सबब सांगून गैरहजर राहिले नव्हते. त्यांनी नम्रतेची सबब सांगितली होती.

पंगत उठली. बंगाली म्हाताऱ्यांनी हात धुतले, चाचांनी बाईला हिरव्या बांगड्यांची जोडी दिली, लेकीसाठी म्हणून, आणि म्हणाले, बेटी को पहनाना. कंडक्टरने घंटी मारली. बाई मोटारीत चढली. मागे वळून पाहिलं नाही. मोटार आष्टीच्या दिशेने गेली तेव्हा खिडकीतून पळा बाहेर आलेला दिसत होता.

पळा ती घेऊनच गेली होती.

मग आमच्या मोठ्या माणसांची पाळी आली. सगळे शेवटच्या पंगतीला बसले, जसं त्यांनी मागितलं होतं. देव त्या दिवशी सगळ्यांचं ऐकत होता. भात द्रोणाने खरवडून काढावा लागला, मटणाच्या गंजात रस्सा होता आणि रश्शात आभाळ दिसत होतं. ठेकेदारांना एक वांग्याचं देठ मिळालं, ते त्यांनी गुरुजींना देऊ केलं. गुरुजींनी घेतलं. माझं मीठ मात्र भरपूर उरलं होतं, ते मी सगळ्यांना सढळ हाताने वाढलं.

बाई महिनाभराने परतली. काखेत गाठोडं, हातात पळा, आणि तोंडावर असं काही की विचारायची गरज पडली नाही. पोरगी झाली होती. मोटारीने तिला दिवे लागून गेल्यावर चंद्रपूरला सोडलं, तिथून कोणत्या तरी ट्रकने घुग्घुसला. जावई पाळीवर, लेक एकटी, आणि बाई दारात पाय ठेवते तोच कळा वाढल्या. गोष्ट सांगताना तिने पळा चुलीच्या खुंटीला टांगला आणि पहिला प्रश्न विचारला, "त्या दिवशी गंजाच्या बुडाची खरपुडी कोणी खाल्ली?"

तिची ती रीत खरी होती का? साहेबांनी मला एकदा विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. ते म्हणाले, त्यांनाही माहीत नाही, पण पुढच्या वर्षीपासून आपण पहिली पंगत मोटारीची ठेवू. तशी ती ठेवली गेली, आणि आजही आहे. कापणीच्या सणाला साडेतीनची मोटार आमच्या मोहाखाली थांबते. त्या दिवशी तिच्यात जागा मिळवायला तीन तालुक्यांतले लोक भांडतात, असं मी म्हणतो. कंडक्टर म्हणतो, चार.

आणि माझा प्रश्न? तो अजून माझ्याकडेच आहे. वाचून वाचून मला इतकं मात्र दिसलं, की ज्यांना उचललं त्यांतलं बहुतेक कोणी आपण लहान आहोत हे दाखवायला रांगेत उभं नव्हतं. कोणी मेंढरांमागे होतं, कोणी गहू झोडपत होतं, कोणी गाढवं हुडकत होतं. त्यांना काम होतं. पण म्हणून देव कामवाल्यांना निवडतो म्हणावं, तर काम तर ठेकेदारांनाही पुष्कळ होतं. सुटत नाही.

एका सणाला, मोटार यायच्या आधी, मी बाईलाच विचारलं. ती मांडवात बसली होती, नात मांडीवर, स्वतःच्या मनगटात तिने चाचांच्या जोडीतली एक बांगडी ठेवून घेतलेली. भात आता तिच्या देखरेखीखाली दुसऱ्या बाया रांधत होत्या आणि ती त्यांना शिव्या देत होती.

"बाई, त्या दिवशी पहिल्या पानावर तुम्हीच काऊन बसल्या?"

"भूक लागली होती."

"तसं नाई. देव लहान लोकायले काऊन निवडत असन, असं विचारून राह्यलो."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, छातीपाशी थोडी थांबून. "तुले कोणी लहान म्हणलं का कधी?"

"जंगलखात्याने."

"मंग देवाने निवडलं का तुले?"

"अजून तर मीठच वाढून राह्यलो, बाई."

मोहापलीकडून हॉर्न आला. नात दचकून उठली आणि आवाजाकडे हात करून हसली. बाईने पळ्याने माझ्या मिठाच्या टोपलीला टोचलं.

"मंग वाढ ना बापा. पाहून काय राह्यला? मोटार आली."